अव्वा स्पॅनिश शिकली ती सुगी

शाळा सुटल्यावर लोहाऱ्याहून सास्तूरला परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आडवी पडलेली दिसायला लागली, की माझ्या तोंडात शब्द येतात. मी आठवत नाही, तरी येतात. रस्त्यातच कुणीतरी कणसं वाळत टाकलेली असतात, स्कूटी सावकाश घ्यावी लागते, आणि त्या सावकाशीत वाळल्या ताटांचा गोडसर, धुळकट वास नाकात शिरतो. त्याच्या मागोमाग ते येतात. आग्वा. पान. साल. म्हणजे पाणी, पाव, मीठ. एका सुगीत आम्ही दोघी मायलेकी ते शिकलो. दर वर्षी वाटतं, यंदा विसरले असेन. विसरत नाही. शाळेत दहावीच्या पोरांना शिकवलेली सूत्रं मला पुस्तक उघडून बघावी लागतात, आणि ज्या भाषेचा मला आता काहीच उपयोग नाही तिच्यातलं मीठ मात्र जिभेवर तसंच्या तसं आहे.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या बाजूला, कानडी. तिकडं आईला अव्वा म्हणतात, म्हणून आम्हीही तिला तेच म्हणत आलो. माझं लग्न टिकलं नाही, तेव्हापासून मी तिच्याजवळच राहते. भूकंपानंतर सरकारनं रांगेनं बांधून दिलेल्या घरांपैकी एक आमचं. मागं जागा आहे, तिथं लिंबाचं झाड आहे, आणि गावाबाहेर थोडं रान आहे. रानाच्या कोपऱ्यात अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची समाधी आहे. आमच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत. विभूती लावून, बसवून मातीत ठेवतात. अव्वा दर सुगीला पहिली पेंढी त्या समाधीला टेकवून ठेवते आणि मगच पुढच्या कामाला लागते.

बसू माझा धाकटा भाऊ. कागदावर बसवराज. त्यानं विजेचा डिप्लोमा केला आणि आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा तिथं कामाला लागला. एकदा अव्वाला दाखवायला घेऊन गेला. ती खाली उभी राहून वर बघत होती. हा रोज एवढ्या वर चढतो हे कळल्यावर ती तिथंच खडकावर बसली आणि पाणी मागितलं. पुढं परदेशातून इंजिनियर यायचे, त्यांच्या हाताखाली तो शिकला, त्यांनीच त्याला ट्रेनिंगला स्पेनला नेलं. ट्रेनिंग संपलं, तो तिथंच राहिला. देशाच्या उत्तरेला डोंगरातलं एक लहान गाव. त्यानं फोनवर दाखवलं तेव्हा अव्वा म्हणाली होती, आपल्या वाशीवानीच हाय की. चक्क्याही तशाच होत्या. त्या गावातल्या मार्तानं त्याच्याशी लग्न केलं, आणि त्यांना अल्बा झाली.

ते तिघं एकदाच आले. अल्बा तेव्हा रांगतही नव्हती. अव्वानं तिला पायावर उपडी घेऊन तेल चोळलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. मार्ता आधी घाबरून तोंडावर हात ठेवून उभी होती, मग पोर रडायची थांबून अव्वाच्या पायावरच पेंगायला लागली तेव्हा तिनं मोबाईल काढून सगळं टिपून घेतलं. त्या दिवसांत कुणाला कुणाची भाषा कळत नव्हती असं मला आठवतच नाही. मध्ये बसू होता. मार्ता बोलायची, बसू मराठीत सांगायचा, अव्वा बोलायची, बसू तिकडं वळून सांगायचा. कधी कधी तो दोन्हीकडं वेगळंच काही सांगून एकटाच हसत बसायचा.

दिवाळीच्या तोंडावर मार्ताचा फोन आला. ती स्पॅनिशमध्येच बोलत होती, इंग्रजी तिला सुचत नव्हतं. मला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही आणि काय झालंय ते सगळं कळलं. बसू सकाळी कामावर निघाला होता, दारातच कोसळला. हृदय. आमच्या दोघींकडं पासपोर्ट नव्हता. जे झालं ते आम्ही मोबाईलच्या पडद्यावर बघितलं. त्या गावात माणसाला जमिनीत ठेवत नाहीत. एक उंच भिंत आहे, तिच्यात खणासारखे कोनाडे आहेत. पेटी त्यात सरकवली, आणि एका माणसानं थापीनं सिमेंट लावून तोंड बंद केलं. अव्वा बघत होती. तिनं विचारलं ते इतकं हळू होतं की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"मातीत न्हाई ठेवलं व्हय? भितीत?"

मी म्हणाले, त्यांच्यात तशी पद्धत आहे.  त्या दिवसापासून भिंतीला पाठ टेकून बसायचं तिनं सोडलं.

त्यानंतर दर रविवारी मार्ता फोन लावायची. आमच्याकडं संध्याकाळ, त्यांच्याकडं जेवणानंतरची दुपार. बाई मनानं चांगली. तिच्या मोडक्या इंग्रजीत ती मला चार गोष्टी सांगायची, मी त्या अव्वाला सांगायचे, आणि मग सगळ्या नुसत्या एकमेकींकडं बघत बसायच्या. अल्बा पडद्यात यायची, तोंडात बोट घालून उभी राहायची. अव्वा कानडीत बोलायची, मराठीत बोलायची, टाळ्या वाजवायची. पोर थोडा वेळ बघायची आणि पळून जायची. मोबाईल भाषांतर करतो, तेही आम्ही करून पाहिलं. अव्वा बोलली की फोनमधली एक अनोळखी बाई कोरड्या आवाजात तेच स्पॅनिशमध्ये म्हणायची. अल्बा त्या बाईला शोधायला फोनच्या मागं बघायची. अव्वा म्हणाली, ह्या बयेला बंद कर. माझ्या तोंडचं तिनं कशाला बोलावं.

येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या रानपूजेच्या सुमाराला मार्तानं सांगितलं की ती अल्बाला घेऊन एप्रिलच्या सुट्टीत येईल. बसूचं रान, बसूचं घर पोरीला दाखवायचंय, म्हणाली. मी ते अव्वाला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि माझ्यापुढं येऊन बसली.

"मला त्यांची भाषा शिकीव."

मी म्हणाले, मलाच येत नाही. ती म्हणाली, तुला शाळा येते, तू शीक आन् मला शिकीव. मी म्हणाले, या वयात भाषा येते का अव्वा. तेव्हा तिनं मला सांगितलं की लग्न होऊन सास्तूरला आली तेव्हा तिला मराठीतलं 'ये' आणि 'जा' सुद्धा येत नव्हतं. सासूला कानडी येत नव्हतं. सासूनं तिला घरभर फिरवून एकेका वस्तूवर तिचा हात ठेवला होता. घागरीवर हात, पाणी. परातीवर हात, पीठ. चुलीजवळ हात धरून लगेच मागं ओढला, इस्तू. "हात लावून शिकल्यालं जात न्हाई," ती म्हणाली. "म्या मराठी शिकले, ही बी शिकीन."

तर ती सुगी अशी सुरू झाली. मी मोबाईलवर एक फुकटातलं ॲप घेतलं. शाळेतल्या मधल्या सुट्टीत मुलांच्या वह्या बाजूला सारून शब्द पाठ करायचे आणि संध्याकाळी ते अव्वाला द्यायचे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून लिहायचा प्रश्नच नव्हता. मी शब्द म्हणायचा, तिनं त्या वस्तूवर हात ठेवून म्हणायचा. माठावर हात, आग्वा. ती म्हणाली, पाण्यात आग कशी काय. मिठाच्या बरणीवर हात, साल. सूर्य म्हणजे सोल. दार म्हणजे प्वेर्ता, घर म्हणजे कासा. पलंगाला कामा म्हणतात हे ऐकल्यावर ती हसली. बसू गेल्यावर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, चांगली माणसं हायेत, झोपायला काम म्हणत्यात. भेटल्यावर ओला म्हणायचं, हे तर तिला फारच आवडलं. सकाळी रानात जाताना ती शेजारणीला ओला म्हणायची, आणि शेजारीण आभाळाकडं बघायची.

ॲपमधली वाक्यं मात्र तिला पटायची नाहीत. मुलगा सफरचंद खातो. बाई दूध पिते. मांजर खुर्चीवर आहे. दिवसरात्र हेच. ती म्हणायची, ह्यांच्याकडं कुणाला काय होतच न्हाई का गं? नुसतीच सफरचंद खात्यात. मलाही तेव्हा ते जाणवलं. नवशिक्याला दिलेली भाषा फार सुखाची असते. तिच्यात आई असते, वडील असतात, भाऊ असतो, सगळे टेबलाभोवती बसलेले असतात. कुणी गेलेलं नसतं, कारण 'गेला' हा शब्द अजून शिकवलेला नसतो. क्रियापदं सगळी चालू वर्तमानातली. मी ईखो म्हणजे माझा मुलगा. मी ईखो से यामा बसू, माझ्या मुलाचं नाव बसू आहे. अव्वा हे वाक्य स्वच्छ म्हणायची. भूतकाळ कसा करतात ते मी पुढच्या धड्यांमध्ये बघून ठेवलं होतं. ते तिला शिकवायचं मी लांबवत राहिले, आणि तिनंही कधी विचारलं नाही.

ज्वारी काढायला आली तेव्हा आम्ही रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रानातच असायचो. सकाळी थंडीनं बोटं वाकत नाहीत, आणि दोन तासांत ऊन पाठीवर बसतं. ज्वारीची कूस मानेत, कानामागं शिरून खाजते. चार बाया मजुरीला असायच्या. त्यांच्या ओळीत अव्वा ताटं उपटत पुढं सरकायची आणि तोंडानं चालू असायचं, मानो हात, ओखो डोळा, पेलो केस. बायांनाही नाद लागला. कुणी पाणी मागायचं तर आग्वा आण म्हणायच्या. एकीनं विचारलं, नवऱ्याला काय म्हणत्यात तिकडं? मी सांगितलं, मारीदो. त्या दिवशी दुपारपर्यंत त्या एकमेकींना तेच म्हणून हसत होत्या. मी अव्वाकडं बघत होते. ती त्यांच्यासारखीच हसत होती, पण हात थांबला नव्हता आणि ओठही थांबले नव्हते.

एका शब्दावर मात्र ती अडली. 'जातो' याला स्पॅनिशमध्ये 'बा' म्हणतात. कानडीत बा म्हणजे ये. तिच्या आईनं तिला बा म्हणून हाक मारलेली, तिनं आम्हाला लहानपणी बा म्हणून जवळ घेतलेलं. "ये म्हटल्यावर ती मान्सं जात्यात व्हय," ती म्हणाली, आणि तो शब्द तिनं शिकायचं नाकारलं. 'ये' साठी त्यांचा जो शब्द आहे, बेन, तो मात्र तिनं घोकून घोकून पक्का केला. अल्बा आल्यावर पहिला तोच लागणार होता. बेन, ये. कोमे, खा. त्येनेस आंब्रे, भूक लागली का. यातलं शेवटचं जरा लांब होतं. ते तिला जमेपर्यंत ज्वारीच्या पेंढ्या बांधून झाल्या.

मग तिनं स्वतःहून एक शब्द मागितला. आम्ही बांधावर जेवायला बसलो होतो. तिनं खाली वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्यापुढं धरली. ह्येला काय म्हणत्यात. मी मोबाईलमध्ये बघितलं. त्येर्रा. जीभ टाळ्याला थरथरवून म्हणायचा तो र. तिला तो लगेच आला, कानडी जिभेला असले र जड जात नाहीत. हा शब्द अल्बासाठी नाही हे मला कळलं होतं. अव्वानं अप्पांच्या समाधीजवळची माती एका धुतल्या फडक्यात बांधून देवळीत ठेवली होती. मार्ता आली की तिच्याजवळ द्यायची, तिनं जाऊन त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. बसूला मातीत ठेवता आलं नाही तर माती तरी बसूपाशी जावी. ती हे मार्ताला स्वतःच्या तोंडानं सांगणार होती. मध्ये मी नको, फोनमधली बाई नको.

पुढच्या रविवारी तिनं ते सांगितलं. मार्ताला म्हणाली, मार्ता, बसू, त्येर्रा. आणि स्वतःच्या दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं केली. मार्ताचे डोळे भरून आले. ती मान हलवत म्हणाली, सी, सू त्येर्रा, सी, इंदिया. मला वाटलं समजलं. अव्वालाही तसंच वाटलं, तिनं समाधानानं माझ्याकडं बघितलं. नंतर मी शब्द पुन्हा पाहिला. त्यांच्यात त्येर्रा म्हणजे माती, आणि त्येर्रा म्हणजेच माणसाचा मुलूख. मार्ताला वाटलं होतं की अव्वा म्हणतेय, ही बसूची भूमी. मग मी इंग्रजीत नीट लिहून पाठवलं. मार्तानं उत्तर द्यायला वेळ घेतला. तिनं लिहिलं की कोनाड्याचं ते तोंड आता उघडता येत नाही. तिचे आजोबाही त्याच भिंतीत आहेत, गावातली सगळी माणसं तिथंच आहेत, बसू तिथं एकटा नाही.

मी ते अव्वाला वाचून दाखवलं. ती बराच वेळ देवळीकडं बघत बसली. "एकटा न्हाई म्हणतीया व्हय," एवढंच म्हणाली.

माती तिनं तरीही देवळीतच ठेवली. मार्ता आल्यावर हातात दिली की तिलाच कळेल, असं तिला वाटत असावं.

आज हे लिहिताना मागच्या दारात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आहेत आणि त्यावर चिमण्या उतरल्यात. अव्वा त्यांना हाकलत नाही. मी मधूनच उठून तिला पाणी देते, आणि पेला हातात देताना 'घे' म्हणण्याआधी तो दुसरा शब्द, आग्वा, ओठांशी येऊन थांबतो. आम्ही दोघीही तो आता मोठ्यानं म्हणत नाही.

त्या सुगीत, मळणीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही लिंबाखाली बसलो होतो. कणसं मोडून झाली होती, ढीग ताडपत्रीखाली होता. अव्वानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. तिचा अभ्यास पुरा झाला होता आणि आज ती अल्बाशी पूर्ण वाक्यात बोलणार होती. फोन लागला. मार्ताच्या घरातलं जेवणाचं टेबल दिसलं. टेबलाच्या टोकाला अल्बा चित्र काढत बसली होती. पलीकडं एक म्हातारी बाई संत्रं सोलत होती, मार्ताची आई. ती बसू गेल्यावर मुलीकडंच राहायला आली होती.

अव्वा म्हणाली, ओला, अल्बा, बेन. तिचा उच्चार इतका साफ होता की मार्तानं चमकून वर बघितलं आणि ती आनंदानं हसली. ती पोरीला म्हणाली, अल्बा, बेन, एस ला आबुएला. ये, आजी आहे.

पोरीनं मान वर केली नाही. म्हणाली, "नो क्येरो."

मला नको. हे दोन शब्द आम्ही ॲपमध्ये शिकलो होतो, कॉफी नको, दूध नको, म्हणताना. मार्तानं पुन्हा सांगितलं, जरा समजुतीच्या सुरात. अल्बानं रंगाची कांडी खाली ठेवली. ती रागावलेली नव्हती. लहान मुलं एखादी खरी गोष्ट सांगतात तशा आवाजात तिनं सांगितलं.

"नो एस मी आबुएला. मी आबुएला एस्ता आकी."

ही माझी आजी नाही. माझी आजी इथं आहे. आणि तिनं हाताच्या कोपरानं संत्रं सोलणाऱ्या बाईकडं दाखवलं. त्या बाईनं सोलणं थांबवलं. मार्ताचा चेहरा लाल झाला. ती घाईनं इंग्रजीत मला म्हणाली की अल्बा दमलीय, झोप नीट झालेली नाही, तिचं आजीवर फार प्रेम आहे. मी अव्वाकडं वळून सांगायला लागले, दमलीय म्हणे, झोप झालेली नाही. अव्वानं माझ्या मनगटावर हात ठेवला. मी थांबले.

अव्वा पडद्याकडं बघून हसली. तिनं एकच शब्द म्हटला. "मान्याना." उद्या. त्यांच्यात उद्या आणि सकाळ यांना एकच शब्द आहे. मार्ताही म्हणाली, सी, मान्याना, मान्याना, आणि फोन ठेवला.

 शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. अव्वा म्हणाली, "समदं कळलं गं मला. येक शब्द बी सुटला न्हाई."

त्या आवाजात थोडा अभिमानही होता, आणि तोच मला सोसला नाही. मी उठून ताडपत्रीची टोकं दगडांनी दाबायला गेले. वारं नव्हतं, तरी दाबली.

दुसऱ्या दिवशी रानात बायांनी विचारलं, आज कोणता शब्द. अव्वा म्हणाली, आज न्हाई. त्यापुढच्या दिवशी कुणी विचारलं नाही. मी संध्याकाळी ॲप उघडायचे, थोडा वेळ बघायचे, बंद करायचे. आम्ही ठरवून काही सोडलं नाही. मळणी झाली, पोती घरात आली, कडबा रचला, आणि जसं एकेक काम संपलं तसं तेही संपलं.

पोरीचा काही दोष नव्हता, हे मी तेव्हाही जाणून होते. चार-पाच वर्षांच्या लेकराला जी रोज केस विंचरते, संत्र्याच्या फोडी सोलून देते, ती आजी. पडद्यातली, कपाळाला राख लावलेली, शब्द अडखळत बोलणारी बाई तिची कोण? आमच्याकडं शब्द होते, पण त्या शब्दांच्या वस्तू तिकडं होत्या. पान तिच्या टेबलावर होतं, आग्वा तिच्या पेल्यात होतं. अव्वा सास्तूरच्या माठावर हात ठेवून पाणी शिकली, तो हात अल्बाला कधी लागलाच नाही.

एप्रिल आला. मार्ताचा निरोप आला की या वर्षी जमत नाही, अल्बाला लांबच्या प्रवासाची भीती वाटते, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी तिनं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. त्याच्या पुढं एका पावसाळ्यात तिनं मला मोठा निरोप लिहिला. तिच्या आयुष्यात एक माणूस आला होता. अल्बाला त्याचा लळा होता. तिनं फार संकोचानं लिहिलं होतं, आणि अव्वाला कसं सांगायचं ते माझ्यावर सोडलं होतं. मी सांगितलं. अव्वा गहू निवडत होती. "बरं केलं," ती म्हणाली. "तिचं वय काय हाय. येकटीनं कुठवर वढायचं." थोड्या वेळानं सूप बाजूला ठेवून ती उठली, देवळीतलं फडकं काढलं आणि रानात गेली. मी मागं गेले नाही. परत आली तेव्हा फडकं धुऊन, पिळून तिच्या खांद्यावर होतं. दोरीवर वाळत घालून ती पुन्हा गहू निवडायला बसली.

रविवारचे फोन आधी महिन्यावर गेले, मग सणावर. आता कधीतरी फोटो येतो. बर्फात उभी अल्बा, दात पडलेली अल्बा, सायकलवरची अल्बा. अव्वा प्रत्येक फोटो मोठा करून कपाळ बघते, बसूसारखं आहे का ते. कधी म्हणते आहे, कधी म्हणते नाही.

यंदाच्या सुगीत, मागच्या आठवड्यात, आम्ही रानात मळणी यंत्राची वाट बघत बसलो होतो. बाया बांधावर जेवत होत्या. मोबाईल वाजला. मार्ताच्या नंबरवरून आवाजाचा निरोप होता. फोटो नाही, लिहिलेलं काही नाही. मी लावला. अल्बा बोलत होती.

ती आता शाळेत जाते, मोठी झालीय. आवाज भराभर, पाण्याच्या पाटासारखा, न अडखळता. वाक्यामागून वाक्य, त्यात मध्येच हसणं, मध्येच दम घेणं. आम्ही जी भाषा शिकलो होतो ती अल्बा चार वर्षांची असतानाची होती, पाणी, पाव, मांजर, खुर्ची. पोर त्यातून केव्हाच पुढं निघून गेली होती आणि आम्ही तिथंच उभ्या होतो. अव्वा कानाला फोन लावून डोळे मिटून ऐकत होती. निरोप संपला. तिनं परत लावायला सांगितला. मी परत लावला. वाळूतून खडा वेचावा तसे आम्ही दोघी शब्द शोधत होतो. एक 'कासा' सापडलं. एक 'मान्याना', पण सकाळ की उद्या, कोण जाणे. आणि मध्यावर कुठंतरी, स्पष्ट, दोनदा, 'पापा', म्हणजे बाबा.

अव्वानं डोळे उघडले. "कुठला पापा गं?"

मला माहीत नव्हतं. तिच्या शाळेनं घरच्यांविषयी बोलायला सांगितलं असेल आणि ती बसूविषयी बोलत असेल. किंवा घरातल्या त्या माणसाविषयी, उद्या तो तिला कुठं नेणार आहे त्याविषयी. निरोप आमच्यासाठी होता की मार्ताच्या हातून चुकून आमच्याकडं आला, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता. मी म्हणाले, अव्वा, भाषांतराला लावू का, आत्ता कळंल. माझं बोट तिथंच होतं.

तिनं विचार केला. बांधावरच्या बाया डबे झाकून उठायला लागल्या होत्या. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"नगं," ती म्हणाली. "आसंच ऱ्हाऊ दे. परत लाव."

मी परत लावला. पोर बोलत राहिली. तो शब्द जवळ आला तशी अव्वा पुढं झुकली, तो गेला तशी मागं झाली. मग यंत्र रानात वळलं, त्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू येईना, आणि तिनं तोंडाला पदर बांधला व कणसांच्या ढिगाकडं गेली. पहिली पाटी तिनंच भरली.

निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे. अव्वानं तो पुन्हा मागितलेला नाही, आणि मी तो भाषांतराला लावलेला नाही.